जुनी गाडी पारखताना: किलोमीटर पाहावेत की वय?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे जुन्या गाडीच्या खरेदीविषयी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारली आहे: गाडी किती चालली याला महत्त्व द्यावे, की ती किती वर्षांची आहे याला. ज्या पत्रांत गाडीचा तपशील नीट दिला होता, अशी काही पत्रे उत्तरासाठी निवडली आहेत.

प्रश्न: माझ्यासमोर एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल गाड्या आहेत. पहिली ४ वर्षांची असून ९०,००० किलोमीटर चालली आहे. दुसरी ११ वर्षांची आहे, पण तिच्या मीटरवर केवळ २८,००० किलोमीटर दिसतात. दोन्ही मालकांनी सांगितलेली किंमत जवळजवळ सारखीच आहे. घरातील सर्वांचा कल कमी चाललेल्या गाडीकडे आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर: माझा कल पहिल्या गाडीकडे आहे. मात्र तिच्या देखभालीच्या नोंदी उपलब्ध असल्या पाहिजेत. कारण थोडे विस्ताराने सांगतो, कारण बाकीच्या बहुतेक पत्रांचे उत्तरही त्यातच आहे.

गाडीची झीज दोन वेगळ्या वाटांनी होते. एक चालल्यामुळे होते: ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, टायर, चाकांचे बेअरिंग, सस्पेन्शनचे सांधे. दुसरी केवळ काळ गेल्यामुळे होते आणि गाडी उभी असली तरी ती थांबत नाही. रबर हवेतील ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णतेने कडक होत जाते आणि त्याला चिरा पडतात. मग ते टायरचे असो, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) पाइपांचे असो, सस्पेन्शनच्या बुशांचे असो किंवा इंजिनच्या माउंटिंगचे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि ते पोचवणाऱ्या भागांना आतून गंज धरू लागतो. म्हणून अनेक कंपन्या ते दर २ वर्षांनी बदलायला सांगतात, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. मीटर फक्त पहिली झीज मोजतो.

आता आपल्या दोन गाड्यांचा हिशेब करून पाहू. पहिली वर्षाला २२,५०० किलोमीटर म्हणजे दिवसाला सरासरी ६० किलोमीटरांच्या आसपास चालली आहे. एवढे अंतर रोज कापणारी गाडी बहुधा मोकळ्या रस्त्यावर धावते. इंजिन एकदा तापले की तासभर त्याच तापमानावर राहते, गिअर फारसे बदलावे लागत नाहीत आणि ब्रेकवर पाय कमी जातो. दुसरी गाडी वर्षाला साधारण २,५०० किलोमीटर, म्हणजे दिवसाला ७ किलोमीटर चालली आहे. ती जर रोज बाजारापर्यंत आणि परत अशी चालली असेल, तर तिचे इंजिन ११ वर्षांत क्वचितच पूर्ण तापले असेल. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आला तरी तो कूलंटचे तापमान सांगतो. इंजिन ऑइल तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडले जाते, त्यातील काही न जळता ऑइलमध्ये उतरते. १ लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ १ लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील काही वाफ इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये थंड होऊन तिचे पाणी होते. लांबच्या प्रवासात हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते, छोट्या फेऱ्यांत ते तिथेच साचते. ऑइलचा चिखल होणे, सायलेन्सर आतून सडणे आणि बॅटरी कधीच पूर्ण चार्ज न होणे, हे सारे छोट्या फेऱ्यांचेच परिणाम आहेत.

किलोमीटरांऐवजी इंजिन किती तास चालले हे पाहिले, तर चित्र आणखी बदलते. पहिल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर धरला तर ९०,००० किलोमीटरांसाठी तिचे इंजिन १,५०० तास चालले. दुसरी गर्दीत, सिग्नलला थांबत, ताशी १८ किलोमीटर सरासरीने चालली असेल, तर २८,००० किलोमीटरांसाठी तिचेही इंजिन सुमारे १,५५० तास चालले आहे. मीटरवर तिपटीहून जास्त फरक दिसत असला तरी इंजिनाने केलेले काम जवळजवळ सारखे आहे. शिवाय दुसरीने ते काम कितीतरी जास्त वेळा थंड अवस्थेत सुरू होऊन केले आहे, आणि इंजिनाची झीज ते सुरू होतानाच्या पहिल्या काही क्षणांत अधिक होते. अनेक नव्या गाड्यांत सरासरी वेग किंवा इंजिनाचे एकूण तास पडद्यावर दिसतात. अशी सोय असेल तर ती नोंद अवश्य पाहावी.

पहिल्या गाडीत दोष नसतील असे मी म्हणत नाही. ९०,००० किलोमीटरांनंतर तिचे शॉक ॲब्सॉर्बर, चाकांचे बेअरिंग आणि ब्रेकच्या डिस्क तपासाव्या लागतील, क्लच अर्ध्याहून अधिक संपलेला असू शकेल आणि इंजिनाला टायमिंग बेल्ट (आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असल्यास तो बदलण्याची वेळ जवळ आलेली असेल किंवा होऊनही गेली असेल. बॉनेटवर आणि समोरच्या काचेवर बारीक खडे लागल्याच्या खुणा असतील. त्या खुणांमुळे नाउमेद होऊ नये, कारण गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने धावली याची ती साक्ष आहे. पण यातील जवळजवळ प्रत्येक खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. दुसऱ्या गाडीत कोणता पाइप किंवा कोणते सील केव्हा दगा देईल, हे आधी सांगता येत नाही.

अपवाद एकच. दुसऱ्या मालकाने दरवर्षी ऑइल बदलल्याच्या, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलल्याच्या, टायर आणि बेल्ट वेळेवर नवे घातल्याच्या पावत्या दाखवल्या, आणि गाडी रोजच्या छोट्या फेऱ्यांऐवजी अधूनमधून लांबच्या प्रवासाला जात असे हे पटले, तर माझे मत बदलेल. अशी गाडी सापडणे कठीण, पण सापडली तर ती उत्तम.

प्रश्न: एक लाख किलोमीटर झाले की इंजिन संपले असे आमच्याकडे सारेच म्हणतात. एक चांगली सांभाळलेली, १,२०,००० किलोमीटर चाललेली गाडी मिळते आहे. ती नाकारावी का?

उत्तर: केवळ त्या आकड्यासाठी नाकारू नये. पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या मीटरमध्ये पाचच आकड्यांची जागा होती. ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येई, आणि तो टप्पा म्हणजे गाडीच्या आयुष्याची अखेर असा समज घट्ट झाला. त्या काळच्या ऑइलच्या आणि सुट्या भागांच्या दर्जाचा विचार करता तो अगदीच चुकीचाही नव्हता. आजच्या इंजिनांना नियमित ऑइल मिळाले तर दोन-अडीच लाख किलोमीटर सहज निघतात.

टोकाचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील अर्व गॉर्डन या विज्ञान शिक्षकांचे सांगता येईल. त्यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्वो पी-१८०० ही गाडी २०१३ साली ३० लाख मैलांवर, म्हणजे ४८ लाख किलोमीटरांवर पोचली आणि एकाच मालकाने सर्वाधिक चालवलेली गाडी म्हणून तिची गिनेस विक्रमांत नोंद झाली. मधल्या काळात तिचे इंजिन उघडून नव्याने बांधावे लागले, परंतु रोजचा लांबचा प्रवास आणि वेळापत्रक न चुकवता केलेली देखभाल या दोन गोष्टींनी ती गाडी टिकवली. साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाला हे शक्य होते, तर आपल्यासमोरच्या गाडीला १,२०,००० हा आकडा मृत्युलेख ठरत नाही.

विचारायचे ते हे, की त्या टप्प्यावर येणारी मोठी कामे झाली आहेत का. कंपनीनुसार टायमिंग बेल्ट ६०,००० ते १,५०,००० किलोमीटरांदरम्यान किंवा ठरावीक वर्षांनी, यांतील जे आधी येईल तेव्हा बदलायचा असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असल्यास त्याचे ऑइल कधी बदलले तेही विचारावे. ते आयुष्यभर बदलावे लागत नाही असे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. ही कामे झालेली १,२०,००० किलोमीटरांची गाडी ही ती कामे तोंडावर आलेल्या ८५,००० किलोमीटरांच्या गाडीपेक्षा बरी.

प्रश्न: मीटर मागे फिरवलेला आहे की नाही, हे सामान्य माणसाला कसे ओळखता येईल? आता तर मीटर डिजिटल आहेत. ते फिरवता येतात का?

उत्तर: दुर्दैवाने येतात, आणि पूर्वीपेक्षा सहज. पूर्वी डॅशबोर्ड उघडून आकड्यांची चाके हाताने फिरवावी लागत आणि आकडे वेडेवाकडे बसल्याने ते बऱ्याचदा लक्षात येई. आता तो आकडा एका मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो आणि योग्य उपकरण असल्यास काही मिनिटांत नवा लिहिता येतो, मीटरकडे पाहून काहीच कळत नाही.

ही फसवणूक मला विशेष चीड आणणारी वाटते, कारण तिचे नुकसान पैशापुरते राहत नाही. समजा, मीटर ५५,००० दाखवतो आणि गाडी प्रत्यक्षात १,३०,००० चालली आहे. नवा मालक टायमिंग बेल्टला अजून अवकाश आहे असे समजून चालवत राहतो. अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात आणि त्यांची टक्कर फक्त त्या बेल्टमुळे टळते. भर रस्त्यात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन बंद पडते, त्याबरोबर स्टिअरिंग आणि ब्रेक यांना मिळणारी मदतही जाते, आणि हे होते तेव्हा गाडीत कुटुंब बसलेले असते.

पारख करताना पहिला मान कागदांचा. सर्व्हिस बुक, जुनी बिले, बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवलेली ऑइल बदलाची चिठ्ठी, यांतील प्रत्येक नोंदीत तारीख आणि किलोमीटर असतात. त्या एका कागदावर क्रमाने उतरवून काढाव्यात. आकडा सतत चढता असला पाहिजे, आणि वर्षाला पंधरा हजार चालणारी गाडी अचानक दोन हजारांवर आली असेल तर त्याचे पटण्याजोगे कारण मालकाला सांगता आले पाहिजे.

त्यानंतर टायर पाहावेत. टायरच्या बाजूला छापलेल्या सांकेतिक मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटरवर तो बदलायलाच हवा. २५,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे मूळ टायर शक्यतो शिल्लक असतात. तेवढाच मीटर दाखवणाऱ्या गाडीला चारही टायर तिच्या जन्मानंतर तीन वर्षांनी बनलेले असतील आणि तेही निम्मे झिजले असतील, तर हिशेब जुळत नाही.

चालकाच्या आसनाची दाराकडची कड, स्टिअरिंगवरचे आवरण, गिअरची मूठ आणि पेडलांवरचे रबर यांची झीज मीटरशी ताडून पाहावी. पेडलांचे रबर घासून गुळगुळीत झाले असेल तर शंका घ्यावी हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाकी सारे जुने असताना पेडलांचे रबर आणि स्टिअरिंगचे आवरण तेवढे कोरे करकरीत दिसत असेल, तर त्याहून जास्त शंका घ्यावी.

शेवटी गाडी स्कॅनरला, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या उपकरणाला, लावून पाहावी. स्टिअरिंगखाली १६ पिनांची एक जोडणी असते. साध्या स्कॅनरनेही बहुतेक गाड्यांत एक गोष्ट वाचता येते: दोषांची नोंद शेवटची पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. हा आकडा मीटरवरील आकड्यापेक्षा मोठा निघाला, तर मीटर खोटा आहे हे सिद्ध झाले. उलट तो आकडा अवघा दहा-वीस किलोमीटर निघाला, तर गाडी दाखवण्यापूर्वी कोणीतरी दोषांची नोंद पुसली आहे आणि ती का पुसली याचे उत्तर मागायला हवे. कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर असलेल्या चांगल्या गॅरेजमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक अशा वेगवेगळ्या भागांच्या कंट्रोल युनिटांमध्ये (छोट्या संगणकांमध्ये) साठलेले किलोमीटरही वाचता येतात; मीटर बदलणारा माणूस ते सगळीकडे बदलतोच असे नाही. मात्र आता किलोमीटर मोजणेच थांबवून ठेवणारी उपकरणेही निघाली आहेत. तिथे सारे आकडे आपसांत जुळतात आणि खरे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे झीज. म्हणून स्कॅनर स्वच्छ निघाला तरी टायर आणि आसन पाहायचे सोडू नये.

प्रश्न: गाडीचे वय नोंदणीच्या तारखेपासून मोजावे की बनल्याच्या तारखेपासून?

उत्तर: बनल्याच्या तारखेपासून. गाडी विक्रीपूर्वी महिनोन्‌महिने मोकळ्या आवारात उभी असू शकते आणि रबराला नोंदणीची तारीख कळत नाही. गाडीच्या १७ अक्षर-अंकी क्रमांकातील दहावे चिन्ह अनेक कंपन्या वर्षासाठी वापरतात, पण सगळ्याच नव्हे. त्यामुळे कंपनीच्या पट्टीवरील तारीख आणि सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या लेबलावरील तारीख पाहून खात्री करावी. काचांवरही वर्षाच्या खुणा असतात. सर्व काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल, तर ती फुटली कशाने हे जरूर विचारावे.

प्रश्न: माझी मुलगी नुकतीच गाडी चालवायला शिकली आहे. तिच्यासाठी १५ वर्षांची, अगदी कमी चाललेली, दिसायला नव्यासारखी गाडी घेण्याचा विचार आहे. धक्के लागले तरी फार वाईट वाटणार नाही, असा हेतू आहे.

उत्तर: आपला हेतू समजतो, परंतु नवशिक्या चालकालाच सुरक्षेची सर्वाधिक गरज असते आणि जुनी गाडी तिथेच कमी पडते. ही उणीव किलोमीटरांच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. निसटती गाडी ताब्यात ठेवणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी यंत्रणा १९९५ पासून महागड्या गाड्यांत येऊ लागली, पण छोट्या आणि स्वस्त गाड्यांपर्यंत ती पोचायला पुष्कळ वर्षे गेली. आपण पाहत असलेल्या गाडीत ती आहे का, एअरबॅग किती आहेत आणि त्या मॉडेलचा अपघात-चाचणीतील दर्जा काय होता, हे आधी पाहावे.

एअरबॅगही वयाने बिघडू शकते. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट हे स्फोटक द्रव्य वापरले होते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमट हवा लागून ते अस्थिर झाले, आणि अपघाताच्या वेळी एअरबॅग फुगवणारी धातूची डबी फुटून तिचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले. जगभरात अनेक मृत्यू झाले, अनेक नामांकित कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. कमी चाललेली गाडी यातून सुटत नाही. धोका चालण्याने नव्हे, तर वर्षांनी वाढतो. आपल्या गाडीचा क्रमांक कंपनीकडे देऊन तिच्यावर असे कोणते काम बाकी आहे का, हे विचारावे. ते काम कंपनी विनामूल्य करून देते. ते झाल्याशिवाय मुलीला त्या गाडीत बसवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच किमतीत आठ-नऊ वर्षांची, थोडी जास्त चाललेली आणि स्टॅबिलिटी यंत्रणा असलेली गाडी मिळत असेल, तर मी ती घेईन, मग तिच्यावर चार ओरखडे असले तरी चालतील.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, क्लच नाही, ऑइल नाही. मग जुन्या इलेक्ट्रिक गाडीत किलोमीटर पाहण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर: आहे, पण कमी. तिथे सर्वांत महागडा भाग बॅटरी असतो आणि बॅटरीचीही झीज दोन प्रकारांनी होते: चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी आणि काळाने. काळाची झीज उष्णतेत आणि बॅटरी सतत शंभर टक्के भरून ठेवल्यास वेगाने होते. म्हणून फक्त रात्री घरी संथपणे चार्ज करून रोज लांब जाणारी, तीन वर्षांत एक लाख किलोमीटर चाललेली गाडी ही सात वर्षे उन्हात पूर्ण चार्ज करून उभ्या ठेवलेल्या, २५,००० किलोमीटरांच्या गाडीपेक्षा चांगल्या बॅटरीची असू शकते. बॅटरी थंड ठेवण्याची पद्धतही पाहावी. २०१० च्या अखेरीस आलेल्या पहिल्या पिढीच्या निसान लीफमध्ये बॅटरीसाठी द्रवाने थंड करणारी यंत्रणा नव्हती आणि उष्ण हवामानात तिच्या बॅटऱ्यांची क्षमता लवकर उतरली.

मीटरपेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे बॅटरीची शिल्लक क्षमता. ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून किंवा स्कॅनरमधून टक्क्यांत मिळते. केवळ डॅशबोर्डवर दिसणाऱ्या रेंजवर विसंबू नये, कारण ती अलीकडे गाडी कशी चालवली यावरून बदलते. अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतील जे आधी संपेल तोवर वॉरंटी देतात आणि त्या काळात क्षमता ७० टक्क्यांखाली गेल्यास ती दुरुस्त करून किंवा बदलून देतात. सात वर्षांची गाडी घेताना त्यातील एकच वर्ष हातात उरते, मग ती कितीही कमी चाललेली असो. आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का, हे लेखी विचारून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट तपासायला सांगा. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटरच ब्रेकचे बरेचसे काम करते, त्यामुळे ब्रेकचे पॅड फार झिजत नाहीत, पण वापर कमी असल्याने डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) अडकतात. कमी चाललेल्या गाडीत हे अधिक होते. सस्पेन्शन आणि टायर यांना मात्र बॅटरीचे वजन रोज वाहावे लागते, तेव्हा त्यांच्या बाबतीत किलोमीटरांचा आकडा पेट्रोल गाडीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच गंभीरपणे घ्यावा.